सूर्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही?

अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस समुद्राकडे पाहतो. ओहोटी कधी लागेल, पाणी गुडघ्याखाली कधी उतरेल आणि कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल, एवढाच त्याचा हिशेब. त्याच्या पाठीमागे एक जुनी वेधशाळा आहे. तिथंही एका भरती-ओहोटीची नोंद चालू असते. सकाळ चढू लागली की तिथल्या चुंबकमापकाचा आकडा हळूहळू वाढतो, दुपारी बाराच्या आगेमागे माथ्यावर पोचतो, संध्याकाळपर्यंत खाली येतो आणि रात्रभर जवळजवळ गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा चढउतार इतका बारीक, की पृथ्वीच्या चुंबकी बळाचा जेमतेम हजारावा हिस्सा भरेल. पण तो चुकत नाही.

ही भरती हवेची आहे, आणि ती हवा अलिबागच्या डोक्यावर शंभर किलोमीटर उंचीवर वाहते आहे.

वारा कुणी पाहिलाय? पान हललं, धूळ उडाली, दोरीवरचं धोतर फडफडलं, की आपण म्हणतो वारा आहे. मग जिथं पान नाही, धूळ नाही, ढगसुद्धा नाही, तिथला वारा कळायचा कसा? जवळजवळ दीडशे वर्षं माणसं त्या उंचीवरच्या हवेसाठी एखादं ‘पान’ शोधत आली आहेत. चमत्कार असा, की अशी पानं त्यांना सापडली. आणि ती कोण हलवतं हे पाहायला गेलं, तर बोट दर वेळी सूर्याकडे वळलं. ‘त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पान हलत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात. सूर्याबद्दल ते कितपत खरं आहे, ते या पानांनाच विचारू.

पहिलं पान : सुई

होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून स्वस्थ बसत नाही, हे लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीनं १७२२ मध्येच पाहिलं होतं. बारकाईनं पाहिलं तर ती दिवसभरात किंचित इकडे, किंचित तिकडे होते. कारण मात्र दीडशे वर्षं कुणाला सांगता आलं नाही. दरम्यान ठिकठिकाणी चुंबकी वेधशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत कुलाब्याला वेधशाळा १८२६ पासून होती. तिथं १८४१ पासून चुंबकी नोंदी घेणं सुरू झालं. तासातासाला दिव्याच्या उजेडात आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा, पावसाळा असो की उन्हाळा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आलं, की ज्या वर्षी सूर्यावर डाग जास्त, त्या वर्षी सुईची रोजची हालचालही मोठी. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यानं वाढतात नि ओसरतात; सुईही त्याच तालावर. पंधरा कोटी किलोमीटरवरचे डाग आणि मुंबईतली सुई यांना जोडणारा दोरा कोणता?

१८८२ मध्ये बॅल्फर स्ट्यूअर्ट या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं ज्ञानकोशातल्या एका लेखात उत्तर सुचवलं. वरची हवा वीज वाहून नेऊ शकत असावी, आणि ती वाहती असावी. पृथ्वी हे चुंबक. त्या चुंबकाच्या क्षेत्रातून वीजवाहक हवा सरकली की वीज तयार होणार. सायकलच्या चाकाला टेकवलेल्या डायनॅमोत हेच होतं. चाकानं चुंबक फिरतं, गुंडाळीत वीज येते आणि पुढचा दिवा लागतो. आकाशातल्या डायनॅमोत चुंबक जागेवर आहे, वारा फिरतो आहे, आणि त्याच्या विजेनं दिवा लागण्याऐवजी खालची सुई हलते आहे.

सात वर्षांनी, १८८९ मध्ये, मँचेस्टरच्या आर्थर शूस्टर यांनी हे गणितानं तपासलं. सुई हलवणारी वीज पायाखाली आहे की डोक्यावर, हे ओळखण्याची युक्ती अशी : चुंबकी बळाचा आडवा भाग आणि उभा भाग दोन्ही मोजायचे. उगम वर असेल तर दोघांची जोडी एका तऱ्हेनं बदलते, खाली असेल तर उलट. त्यासाठी त्यांनी चार ठिकाणच्या नोंदी घेतल्या : सेंट पीटर्सबर्ग, ग्रिनिच, लिस्बन आणि मुंबई. उत्तर आलं, उगम मुख्यतः वर आहे.

आता वर्षं नीट पाहा. रेडिओलहरी परतवणारा वीजवाहक थर आकाशात खरोखर आहे, हे एडवर्ड ॲपल्टन यांनी सिद्ध केलं १९२४ मध्ये. म्हणजे थर सापडण्याच्या चार दशकं आधी त्या थरातला वारा कागदावर आला होता, आणि त्याच्या चार साक्षीदारांपैकी एक कुलाब्याची वही होती.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं सुई भरकटली असती. म्हणून चुंबकी वेधशाळा अलिबागला हलवली गेली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. १९०४ पासून तिथल्या नोंदी सुरू झाल्या, आणि दोन ठिकाणच्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे वाचन चालू ठेवलं. नानाभाई मूस हे त्या वेळी प्रमुख होते, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईच्या कुलाब्याहून निघालेली वेधशाळा अशी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात येऊन स्थिरावली. आज तिची देखभाल नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था करते.

दुसरं पान : संध्याकाळचा नारिंगी ढग

सुई खरं बोलते, पण मोघम बोलते. वारा वाढला की ती जास्त हलते, आणि हवेची वीजवाहकता वाढली तरीही जास्त हलते. दोन्हींतलं काय झालं, हे तिच्यावरून सुटं करता येत नाही. म्हणून थेट वर जाऊन पाहायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंबा या मच्छीमार गावातून एक रॉकेट उडालं. भारतातून अवकाशात गेलेलं हे पहिलं रॉकेट. विक्रम साराभाईंनी थुंबा निवडलं, कारण चुंबकी विषुववृत्त तिथून जवळ जातं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. त्या रॉकेटमध्ये काय होतं, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. त्यात सोडियम होतं.

रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवा. तोच पिवळा-नारिंगी रंग त्या संध्याकाळी केरळच्या आकाशात पसरला. वेळ मुद्दाम साधली होती. जमिनीवर अंधार पडू लागलेला असतो, पण शंभर-दीडशे किलोमीटरवर अजून ऊन असतं. रॉकेटनं सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हात झळकते आणि खालच्या काळोखातून स्पष्ट दिसते. ती वाफ म्हणजे वाऱ्यात सोडलेला गुलाल. वारा तिला जसा ओढेल तशी ती वाकते, आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून तिचे फोटो घेतले की कोणत्या उंचीवर वारा किती नि कुठल्या दिशेचा, हे काढता येतं.

अशा ढगांनी दाखवलेला वारा चक्रावून टाकणारा होता. एका उंचीवर वारा पूर्वेला वाहतो आणि काही किलोमीटर वर गेलं की थेट पश्चिमेला. सरळ सोडलेली वाफेची रेघ काही मिनिटांत जिलबीसारखी वळून जाते. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा श्रीगणेशा झाला तो वारा दिसावा म्हणून.

तिसरं पान : पडणारा उपग्रह

आणखी वर, दोनशे ते पाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात, रॉकेटचा ढग फार वेळ टिकत नाही. शाळेच्या भूगोलात आयनांबर म्हणून शिकलेला हाच भाग. शास्त्रज्ञ तिथल्या हवेला थर्मोस्फिअर म्हणतात. इथली हवा आपल्या श्वासातल्या हवेपेक्षा हजारो कोटी पट विरळ. इतकी, की एका कणाला दुसरा कण भेटण्याआधी किलोमीटरभर मोकळं रान मिळावं. तरी ती हवाच. आणि सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या उपग्रहाला तीही अडवते.

ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक उडाला आणि वरच्या हवेला पान मिळालं. उपग्रह हवेला घासतो, त्याची कक्षा खाली येते, प्रदक्षिणेचा काळ कमी होतो. घड्याळ लावून प्रदक्षिणा मोजल्या की हवा किती दाट हे कळतं. लुईजी याकिया आणि वोल्फगांग प्रीस्टर या दोघांनी, एकानं अमेरिकेत आणि दुसऱ्यानं जर्मनीत, असे आकडे मांडले तेव्हा दिसलं, की हवेचा अडथळा दर २७ दिवसांनी कमी-जास्त होतो. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य स्वतःभोवती फिरायला तेवढेच दिवस घेतो. सूर्याची डागाळलेली बाजू आपल्याकडे आली की वरची हवा फुगते; ती बाजू पलीकडे गेली की हवा बसते. दुधाच्या पातेल्याखालची आच वाढवावी आणि कमी करावी, तसं.

यामागचं गणित मोठं गमतीचं आहे. सूर्याच्या एकूण उजेडात अकरा वर्षांच्या फेऱ्यात हजारात जेमतेम एका भागाचा फरक पडतो. आपल्या उन्हाला तो कळतही नाही. पण त्याच सूर्यातून येणारे अतितीव्र अतिनील किरण दुपटीनं आणि त्याहूनही जास्त वाढतात. हे किरण आपल्यापर्यंत येत नाहीत, वरची हवाच ते सगळे गिळून टाकते. म्हणून सूर्य शांत असताना तिथलं तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअस, आणि तो भरात असताना १,००० अंशांच्या आसपास. ४०० किलोमीटरवर हवेची घनता एवढ्यानं दहापट वाढू शकते. सूर्याच्या ज्या बदलाला आपण ‘काहीच नाही’ म्हणतो, त्यानं त्या मजल्यावर उलथापालथ होते.

१९७९ चा जुलै आठवणारे लोक अजून आहेत. ‘स्कायलॅब पडणार’ या बातमीनं त्या दिवसांत देशभर घबराट होती. पारावर, कचेरीत, स्वयंपाकघरात एकच विषय : कुठं पडेल? सत्याहत्तर टनांची ती अमेरिकी प्रयोगशाळा १९८३ च्या आसपासपर्यंत टिकेल अशी आधी अपेक्षा होती. पण सूर्य अंदाजापेक्षा जास्त पेटला, हवा फुगली, प्रयोगशाळा भराभर खाली आली आणि ११ जुलैला हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर तिचे तुकडे विखुरले. तिथल्या एस्परन्स नगरपालिकेनं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. खरं तर पावती सूर्याच्या नावानं फाडायला हवी होती.

उपग्रहांनी घनता सांगितली, वाराही सांगितला. ब्रिटनच्या डेस्मंड किंग-हेली यांनी वर्षानुवर्षं उपग्रहांच्या कक्षा तपासल्या, त्यातल्या कितीतरी नोंदी हौशी निरीक्षकांनी घरच्या अंगणातून दुर्बिणीनं घेतलेल्या. कक्षा नुसती खाली येत नव्हती, तिचा कलही किंचित बदलत होता. नदी पोहून जाणाऱ्याला प्रवाह जसा बाजूला ढकलतो, तसं कुणीतरी उपग्रहाला आडवं ढकलत होतं. हिशेब केला तर निघालं, की त्या उंचीवरची हवा सरासरीनं पृथ्वीपेक्षाही थोड्या जास्त वेगानं पूर्वेकडे फिरते आहे. जमीन फिरते, आणि तिच्यावरची हवेची पगडी तिच्याही पुढे पळते!

ढकलणाराही तोच, अडवणाराही तोच

हा वारा वाहतो कशानं? तत्त्व आपल्या खारे वारे-मतलई वाऱ्यांचंच आहे. जिथं तापलं तिथं हवा फुगली, दाब वाढला. जिथं थंड तिथं कमी. मग वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. वरच्या मजल्यावर दिवसाच्या बाजूला, दुपारी दोन-तीनच्या सुमाराच्या जागी, हवेला फुगवटा येतो. रात्रीची बाजू बसलेली असते. त्यामुळे वारा दिवसाकडून रात्रीकडे धावतो, ध्रुवांवरून आणि संध्याकाळच्या रेषेवरून, पृथ्वीला मिठी मारल्यासारखा. वेग ताशी तीनशे ते सातशे किलोमीटर. हा वेग जमिनीवर असता तर एकही छप्पर जागेवर राहिलं नसतं. तिथल्या विरळ हवेत तो गालाला कळणारही नाही.

आता साधा प्रश्न : सूर्य पेटला की उष्णता जास्त, फुगवटा जास्त, मग वाराही त्याच प्रमाणात वाढत असेल? तसं होत नाही, आणि ही या सगळ्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी गाठ आहे.

जे अतिनील किरण हवा तापवतात, तेच तिच्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, तयार करतात. साधी हवा मुक्त असते, आयन मात्र मुक्त नसतात. पृथ्वीच्या चुंबकी रेषांना ते ओवलेले असतात, तारेतल्या मण्यांसारखे. रेषेवरून मागेपुढे सरकता येतं, रेषा सोडून आडवं जाता येत नाही. वारा त्यांच्यातून जाऊ लागला की त्यांना धडकतो आणि मंदावतो. नांगरलेल्या होड्यांच्या गर्दीतून पाणी जावं, तसा. सूर्य पेटला की आयन वाढतात, म्हणजे होड्या वाढतात. गाडीवान एका हातानं चाबूक ओढतो आणि दुसऱ्या हातानं लगाम.

लगामाचा पुरावा रात्री मिळतो. सूर्य मावळला की नवे आयन तयार होणं थांबतं, जुने हळूहळू इलेक्ट्रॉनांना भेटून विझतात, आणि वारा सुटतो. म्हणून तिथला वारा दिवसापेक्षा रात्री वेगवान असतो. जमिनीवर पृथ्वीच्या फिरण्यानं वारा वळतो आणि कमी दाबाभोवती घिरट्या घालतो. चक्रीवादळाच्या चित्रात तो भोवरा आपण पाहतो. वरच्या मजल्यावर आयनांचा अडसर आणि हवेचा स्वतःचा चिकटपणा त्याला बहुतांशी तशा घिरट्या घालू देत नाहीत. तो जवळजवळ सरळ उतारावरून धावतो. लगाम सूर्यानं घडवलाय खरा, पण तो बांधलाय पृथ्वीच्या चुंबकाला. मर्जी एकट्याची राहिली नाही.

हा रात्रीचा वारा पाहायला चौथं पान आहे : आकाशाचा स्वतःचा उजेड. अमावास्येच्या रात्रीही आकाश पूर्ण काळं नसतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास ऑक्सिजनचे अणू मंद लाल चकाकतात, शंभराच्या खाली हिरवे. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न जसा वरच्या सुरात वाजतो, तसा आपल्याकडे येणाऱ्या हवेचा रंग किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्याचा लालकडे. सेकंदाला शंभर मीटरच्या वाऱ्यानं पडणारा फरक तीस लाखात एक भाग. तो मोजणारी उपकरणं जगात ठिकठिकाणी रात्र जागवतात. आपल्या कोल्हापुरातही शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेनं रडार उभारून सत्तर ते शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातला वारा रेडिओलहरींनी मोजला आहे. रंकाळ्यावरच्या झुळकीच्या कितीतरी वर दुसरं एक वारं कोल्हापूरच्या नोंदवहीत आलं आहे.

वादळ वरून येतं

इथवर सूर्याची रोजची वागणूक झाली. कधीकधी तो अंगावर येतो.

१ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते, तेवढ्यात डागांच्या गर्दीत दोन लख्ख ठिणग्या पेटल्या. काही मिनिटांत विझल्याही. साडेसतरा तासांनी पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र थरथरलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, कॅरिबियन बेटांपर्यंत अरोरा, म्हणजे एरवी ध्रुवांजवळ दिसणारा रंगीत प्रकाश, दिसला. जगातल्या कित्येक वेधशाळांमध्ये नोंदीच कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र माणूस डोळ्यांनी आकडा वाचत होता. गडबड दिसताच त्यानं दर तासाऐवजी काही काही मिनिटांनी वाचायला सुरुवात केली. आडवं बळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेलं त्या वहीत उतरलं. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्स लखिना आणि एस. ॲलेक्स यांनी त्याच वहीवरून त्या वादळाचं माप काढलं.

अशा वादळात वरच्या वाऱ्याचं काय होतं? सूर्यातून सुटलेले कण आणि त्यांच्याबरोबर आलेलं चुंबकी क्षेत्र, ज्याला सौरवारा म्हणतात, पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळतात. सौरवारा नि आपला वारा या दोन वेगळ्या गोष्टी. पहिला अवकाशातला, दुसरा हवेतला. पण पहिला दुसऱ्याला कान धरून नाचवतो. ध्रुवांभोवतीच्या कड्यात प्रचंड वीज उतरते. तारेतून वीज गेली की गिझर तापतो, तशी तिथली हवा तापते, आणि या गिझरची क्षमता मोठ्या वादळात काही लाख मेगावॅट असते. शिवाय विद्युतक्षेत्र आयनांना पळवतं, आणि रोज लगाम होणारे तेच आयन आता घोडे होतात! ते हवेला आपल्याबरोबर फरपटत नेतात. ध्रुवाजवळ वारा सेकंदाला अर्ध्या किलोमीटरहून अधिक वेग घेतो.

ही खळबळ ध्रुवाकडेच राहत नाही. तापलेल्या हवेतून लाटा उठतात आणि तीन-चार तासांत विषुववृत्तापर्यंत येतात. मागोमाग खुद्द वारा येतो, रोजच्या रिवाजाविरुद्ध ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे. पृथ्वीच्या फिरण्यानं तो पश्चिमेला वळतो आणि आकाशातला डायनॅमो उलटा चालवू लागतो. मिशेल ब्लाँ आणि आर्थर रिचमंड यांनी १९८० मध्ये हे उलगडून दाखवलं. म्हणून ध्रुवावर वादळ शमलं, तरी पुढचा एखादा दिवस दक्षिण भारतातल्या चुंबकमापकांचा दुपारचा चढ नेहमीपेक्षा कोता राहतो. वादळाच्या शिळ्या वाऱ्याची ती सही असते.

मग हवा पुन्हा निवते कशी? वादळात वर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार होतो आणि तो उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकतो. ताप चढला की घाम फुटावा, तसं. कधी हा घाम इतका येतो, की वादळानंतर हवा आधीपेक्षाही थंड होऊन बसते.

हे पुस्तकी नाही. ३ फेब्रुवारी २०२२ ला स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले गेले. दुसऱ्या दिवशी चुंबकी वादळ आलं, तेही मध्यम. आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत हवेचा अडथळा पन्नास टक्क्यांपर्यंत वाढला आणि त्यातले ३८ उपग्रह वर चढूच शकले नाहीत. वातावरणात जळून गेले. १० मे २०२४ च्या रात्री वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथं आकाश लालसर झालं. तो लाल रंग म्हणजे आपण मघाशी भेटलो तेच उंचावरचे ऑक्सिजनचे अणू. फक्त त्या रात्री कॅमेऱ्यांना ते नेहमीपेक्षा फार ठळक दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेलं आपलं आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्यावर डोळा ठेवून आहे, आणि त्याची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडली आहे.

खालून आलेला आसूड

इतकं सगळं वाचल्यावर वाटेल, की त्या मजल्यावरचं प्रत्येक पान सूर्यच हलवतो. तसं वाटून शास्त्रज्ञही बरीच वर्षं खालच्या हवेकडे फारसं लक्ष देत नव्हते.

आसूड आठवा. मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळता. मुठीला छोटासा हिसका दिला की तो पुढे सरकत जातो, आणि दोरी बारीक होत जाते तसा वाढत जातो. टोकाला पोचेपर्यंत त्याचा कडाडता आवाज होतो. हवाही अशीच वर निमुळती होत जाते. शंभर किलोमीटरवर ती जमिनीपेक्षा दहा लाखांहून जास्त पट विरळ असते. इथं खाली उठलेली हलकी लाट वर चढताना वाढत जाते, आणि त्या उंचीवर वाऱ्याचा झोत होते. या लाटा उठवतं कोण? डोंगरावर आपटणारा वारा, गडगडणारे ढग, आणि विशेषतः उष्ण कटिबंधातले पावसाळी ढग. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता रोज ठरावीक वेळी हवेला धक्का देते, आणि तो धक्का भरतीसारखा वर चढतो.

२००६ मध्ये थॉमस इमेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विषुववृत्ताभोवतीच्या आयनांबरात चार ठिकाणी उठाव दिसतात, आणि त्यांचं मूळ खालच्या उष्ण कटिबंधातल्या पावसाळी प्रदेशांतून वर आलेल्या लाटांमध्ये आहे. त्याच इमेल यांच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये आयकॉन नावाचा उपग्रह गेला. त्यानं एकाच वेळी वारा आणि त्यानं उठवलेली विजेची हालचाल मोजली, आणि स्ट्यूअर्ट यांचा आकाशातला डायनॅमो प्रत्यक्ष चालताना पकडला. १८८२ मधली कल्पना, २०२१ मधला दाखला. २०२२ च्या नोव्हेंबरात त्या उपग्रहाशी संपर्क तुटला. त्याच्या नोंदी अजून वाचल्या जात आहेत.

तेव्हा म्हणीचं उत्तर असं : सूर्याच्या मर्जीशिवाय ते पान हलत नाही, पण ते कसं आणि किती हलेल हे सूर्य एकटा ठरवत नाही. तो ढकलतो, पृथ्वीचं चुंबक लगाम धरतं, आणि खालून एखादा पावसाळी ढग हिसका देतो. आणि ते पावसाळी ढगही शेवटी उन्हानं उडवलेल्या पाण्याचेच. म्हण खोटी पाडायला निघालो, तर ती मागच्या दारानं पुन्हा घरात आली.

पुन्हा अलिबागला गेलात तर ओहोटी सकाळी नऊ-दहाची निवडा. पाणी उतरलेलं असेल, वाळूवर आधीच्या लोकांची पावलं असतील. तुम्ही किल्ल्याकडे निघालात की पाठीमागे वेधशाळेत आकडा वर चढत असेल. तुम्ही तटावर पोचाल, विहिरीचं गोडं पाणी पाहाल, परत फिराल. समुद्राचं पाणी तोवर वळलेलं असेल. डोक्यावरची भरती मात्र तेव्हा ऐन माथ्यावर असेल.